पहिल्या मालकाची ना हरकत

वापरलेली वस्तू विकत घेणे हे नवीन वस्तू घेण्यापेक्षा फार वरच्या दर्जाचे काम आहे. नवीन वस्तू पैसे असणारा कोणीही घेऊ शकतो. वापरलेल्या वस्तूला संशय लागतो, आणि संशयाला अनुभव. सडक अर्जुनीच्या यादोराव शहारे यांच्यापाशी हा अनुभव एकतीस वर्षांचा होता. एका सरकारी कार्यालयाच्या आवक-जावक टेबलावर ते तेवढी वर्षे बसले. त्या काळात नोंद न करता एकही कागद त्यांनी आत येऊ दिला नाही आणि नोंद केलेला एकही कागद सहजासहजी बाहेर जाऊ दिला नाही, अशी त्यांची ख्याती होती. (ख्याती कार्यालयापेक्षा अर्जदारांमध्ये अधिक होती.)

मार्चमध्ये यादोराव निवृत्त झाले. नोव्हेंबरात त्यांच्या मुलीला, साक्षीला, नागपूरच्या एका कंपनीने घरबसल्या कामासाठी निवडले. बी.कॉम. झाल्यापासून दोन वर्षांत तिने सत्तावन्न अर्ज केले होते. उत्तर आलेला हा पहिलाच. शेवटची मुलाखत तेवढी बाकी होती: बुधवारी सकाळी अकरा वाजता, लॅपटॉपवर. लॅपटॉप घरात नव्हता.

"नवा नको, बाबा. जुनाच पाहू," साक्षी म्हणाली. "फक्त नीट तपासून घ्या लागते."

तपासून! आठ महिन्यांत यादोरावांपुढे तपासणीसाठी गॅसच्या सिलिंडरखेरीज काही आले नव्हते. त्यांनी दोन दिवस खपून सत्तावीस मुद्द्यांची तपासणी सूची तयार केली, तीन प्रतींत. एक स्वतःसाठी, एक दुकानदारासाठी, एक कार्यालयीन प्रत. (कार्यालय आता नव्हते, म्हणून ती प्रत पत्नी अल्काबाईंनी पिठाच्या डब्याखाली ठेवली.)

शनिवारी ते एसटीने गोंदियाला गेले. सोबत शेजारचा शेतकरी बिसराम पटले होता. त्याला मोटारपंपाचा एक भाग आणायचा होता आणि जुन्या वस्तूंविषयी त्याला मते होती.

गोंदियात विकायला येणाऱ्या जुन्या लॅपटॉपचे मालक फार सज्जन असतात. त्यांच्यापैकी अर्धे लॅपटॉप घेतल्याबरोबर परदेशी गेलेले असतात आणि उरलेल्या अर्ध्यांना संगणकाची आवड नसते. दुकानदार रिंकूने पुढे ठेवलेल्या लॅपटॉपचा मालकही याच जातीचा निघाला.

"अंकल, पुना का पीस है. साहब सिर्फ मेल देखते थे. उँगली भी धीरे लगाते थे."

यादोरावांनी सूची काढली. पडद्यावर ठिपका नाही. बिजागरी घट्ट. चार्जर मूळचा. एकेक कळ दाबून अक्षर उमटल्याची खात्री केली आणि प्रत्येक मुद्द्यापुढे रिंकूची सही घेतली. बॅटरी किती वेळ चालते, या प्रश्नावर रिंकू म्हणाला, "चार्जर लगा के रखो तो दिनभर." विधान खरे असल्यामुळे ते मान्य करण्यात आले. बिसरामने लॅपटॉप उलटा करून हुंगला.

"जरल्याचा वास नाही येऊन राहिला, भाऊ. घ्या."

अठराव्या मुद्द्याला रिंकूने चहा मागवला. तेविसाव्याला बॅग फुकट दिली. सव्विसाव्याला त्याने आपणहून पाचशे रुपये कमी केले आणि आता उठावे अशी हात जोडून विनंती केली. सत्तावीसपैकी सत्तावीस मुद्दे समाधानकारक ठरले.

दुकानात रिंकूने सगळे 'टेस्ट' नावाच्या खात्यातून दाखवले होते. रविवारी घरी साक्षीने त्याशेजारचे 'शिरीष' हे नाव दाबले. पासवर्ड न विचारता एक माणूस उघडला.

श्री. शिरीष दातार, पुणे, वय सत्तेचाळीस, कंपनीत व्यवस्थापक. एकूण फोटो एकेचाळीस हजार, त्यापैकी तीन हजार चहाच्या कपाचे. आहाराचा तक्ता, एक जानेवारीला केलेला आणि दोन जानेवारीनंतर न उघडलेला. रक्ततपासणीचे अहवाल. पत्नीच्या वाढदिवसाची गुप्त योजना, सलग चार वर्षे तीच. राजीनाम्याचे चौदा मसुदे. आणि डिस्क काठोकाठ भरलेली, त्यामुळे मुलाखतीसाठी कंपनीने सांगितलेले सॉफ्टवेअर मावेना.

"उडवून टाकते सगळं," साक्षी म्हणाली. "दहा मिनिटांचं काम आहे."

"उडवून टाकते? कोनाच्या आदेशानं?"

दुसऱ्याचे अभिलेख त्याच्या लेखी संमतीशिवाय नष्ट करता येत नाहीत, आणि नोंदीशिवाय संमती मागता येत नाही, हे यादोरावांनी मुलीला शांतपणे समजावले. मग त्यांनी नवी वही काढली, समास आखला आणि क्रमांक एकपासून सुरुवात केली. किती महिन्यांनी त्यांच्या हाताला काम लागले होते! अल्काबाई लसूण सोलत बाजूला येऊन बसल्या. सोमवारी दुपारपर्यंत, सगळे फोटो एकाच क्रमांकात धरून, क्रमांक चारशे बारा झाला आणि लसूण संपला, पण त्या उठल्या नाहीत. राजीनाम्याचा पहिला मसुदा चार पानांचा होता. चौदावा एका ओळीचा: 'मला आता थांबायचे आहे.'

"हा चांगला आहे," अल्काबाईंनी शेरा दिला.

साक्षीच्या डोळ्यांत पाणी आले. "बाबा, परवा माझी मुलाखत आहे. सत्तावन अर्ज केले मी. आन् तुम्ही कोनाची शुगर वाचून राहिले?"

यादोरावांनी पेन खाली ठेवला. एकतीस वर्षांत टेबलासमोर पुष्कळ लोक रडले होते, पण त्यात घरचे कोणी नव्हते. त्यांनी लॅपटॉपमधल्या दातारांच्या बायोडाट्यातला नंबर पाहून फोन लावला.

"जय भीम जी. मी सडक अर्जुनीवरून यादोराव शहारे बोलून राहिलो. तुमचा लॅपटॉप आमच्यापाशी आहे. सगळा वाचला."

दातारसाहेब हळूच म्हणाले, "हे पाहा, किती पैसे हवेत तुम्हाला?"

"पैसे कायले? तुमची शुगर किती आहे आता?"

धमकीचा हा प्रकार दातारसाहेबांना नवा होता.

"तीन महिन्यांनी पुन्हा तपासा असं डॉक्टरनं लिहून देलं आहे. दोन वर्सं झाली जी. काऊन नाही तपासली?"

"वेळ... वेळ नाही मिळाला."

अल्काबाईंनी फोन ओढून घेतला. "भाऊ, आन् त्या राजीनाम्याचं काय केलं?"

उत्तर आले. "एकविसावा मसुदा चालू आहे."

"कायले बदलून राहिले? चौदावाच द्या ना."

हळूहळू उलगडा झाला. दातारसाहेबांनी लॅपटॉप पुण्याच्या एका दुकानात दिला तेव्हा सगळे पुसायला सांगितले होते. दुकानाने पुसल्याचे प्रमाणपत्रही दिले होते, क्रमांक आणि शिक्क्यासह. हे ऐकून यादोरावांना त्या दुकानाविषयी आदर वाटला. काम न करता इतके व्यवस्थित प्रमाणपत्र देणारे कार्यालय त्यांनी आजवर एकच पाहिले होते.

"पुसून टाका हो सगळं," दातारसाहेब म्हणाले. "मला काहीच नकोय त्यातलं."

"क्रमांक दोनशे बारा पन?"

"तो कसला?"

"आईचं बोलनं आहे, अकरा मिनिटांचं. लोनचं कसं घालाचं ते सांगून राहिली. मधात तुमच्यावर रागावली पन आहे."

पलीकडून खुर्ची सरकल्याचा आवाज आला. "मला वाटलं ते जुन्या फोनबरोबर गेलं. आई त्याच्या आधीच... ऐकवता का जरा?"

साक्षीने डोळे पुसले, ते बोलणे लावले आणि फोन लॅपटॉपला टेकवून धरला. एक म्हातारी बाई खणखणीत आवाजात म्हणाली, "शिरीष, तो फोन खाली ठेव आणि मोहरी किती घेतलीय ते बघ आधी." अकरा मिनिटे सडक अर्जुनीतही कोणी बोलले नाही, पुण्यातही नाही. (मुद्दा क्रमांक चौदा, स्पीकर: उत्तम.)

संमती मंगळवारी सकाळी ईमेलने आली. मजकूर यादोरावांनीच सांगितला होता: 'माझ्या आयुष्यातील नोंद क्र. १ ते ४१२ नष्ट करण्यास माझी हरकत नाही. क्र. २१२ वगळण्यात यावा.' साक्षीने तो आवाज लगेच पाठवून दिला. तरी यादोरावांनी पेनड्राइव्हवर दुसरी प्रत घेऊन, सोबत पत्र जोडून, ती पोस्टाने रवाना केली. मग साक्षीने बटण दाबले. सगळे पुसायला खरोखरच दहा मिनिटे लागली. यादोराव रिकाम्या निळ्या पडद्याकडे बघत बसले. निवृत्तीच्या दिवशी टेबल आवरून झाल्यावर वाटले होते, तसेच काहीसे त्यांना वाटले. "चहा टाक वं," ते अल्काबाईंना म्हणाले आणि चहा आल्यावर प्यायला विसरले.

बुधवारी मुलाखत झाली. पूर्वीचा अनुभव काय, असे विचारले तेव्हा साक्षी जराही न हसता म्हणाली, "चारशे बारा कागदपत्रांची नोंदणी आणि मालकाच्या लेखी संमतीने विल्हेवाट." समोरच्या तिघांनी एकमेकांकडे पाहिले. असा माणूस त्यांच्या कंपनीत अजून नव्हता. सोमवारपासून ती कामावर आहे. दातारसाहेबांनी शुगर तपासली. बरी नाही, पण आकडा त्यांनी स्वतःहून कळवला. राजीनामा अजून विचाराधीन आहे.

गेल्या आठवड्यात बिसरामच्या सुनेसाठी, नीतूसाठी, रिंकूकडून आणखी एक लॅपटॉप आणला. सगळे मुद्दे समाधानकारक. साहजिकच तो नोंदणीसाठी आधी शहाऱ्यांकडे आला. याचा पहिला मालक वाचनाचा शौकीन दिसतो. 'वाचायचे आहे' या फोल्डरात दोनशे पुस्तके आहेत, एकही न उघडलेले. व्यायामाचे वेळापत्रक आहे, एका सोमवारपुरते. 'पासवर्ड' नावाच्या फाइलमध्ये पासवर्ड आहेत. अल्काबाई क्रमांक नव्वदपर्यंत पोचल्या असून काही गोष्टी त्यांना मुळीच पटलेल्या नाहीत, विशेषतः मोठ्या भावाला लिहिलेले आणि तीन वर्षे न पाठवलेले ते पत्र. त्याबद्दल त्यांना मालकाशी फोनवर स्पष्टच बोलायचे आहे.

तेव्हा आज सकाळी तुम्ही कापलेला तो अनोळखी नंबर कर्ज देणाऱ्यांचा नव्हता. पुन्हा आला की उचला.