साल हुंगणारे भाऊ

पंगतीत बसले की भाऊ आधी लिंबाची फोड उचलायचे. वरणावर पिळायला नव्हे, हुंगायला. साल नखानं खरवडायची, डोळे मिटायचे आणि शेजारच्याला सांगायचं, "चाळीसगावकडचा माल." शेजारचा जेवण आवरतं घ्यायचा.

जळगावात लिंबू-मोसंबीच्या सालीचं तेल तपासणाऱ्या छोट्या प्रयोगशाळेचे ते मुख्य, मी नवी मदतनीस. तेलाचा थेंब यंत्रात सोडला की त्यातले घटक सुटे होऊन कागदावर उंच-ठेंगणी शिखरं उमटत. त्यावरून तेल कुठल्या भागातलं, ते भाऊ ओळखत. व्यापारी हुज्जत घालू लागला की म्हणत, "तुमचं राहू द्या, सालीला बोलू द्या." मला मात्र वाटे, खरी अक्कल माझ्याकडेच. दोन वेण्या, एक पदवी आणि गर्व यंत्राहून जड.

भाऊंची बायको कुसुम वारलेली. तिनं पिंपळनेरला माहेरच्या परसात एक लिंबू लावलं होतं. तिची आई, भाऊ त्यांना अक्का म्हणत, दरवर्षी पिशवीभर लिंबं धाडायची. निरोप ठरलेला : "बठ्ठा लिंबू कुसुमना झाडना शेतस." सगळी लिंबं कुसुमच्याच झाडाची. भाऊ त्यांच्या सालीचं तेल काढून यंत्रात सोडत आणि कागद वेगळ्या फाइलीत जपत.

एका वर्षी भाऊ रजेवर असताना ते काम मी केलं. कुसुमताई होत्या तेव्हाच्या कागदाशी शिखरं जुळेनात. धुळ्याच्या बाजारातल्या नमुन्याशी मात्र तंतोतंत जुळली. भाऊ येताच मी कागद नाचवत गेले. "भाऊ, तुम्हाला फसवताहेत. ही विकतची लिंबं आहेत."

मी शाबासकीची वाट बघत उभी. भाऊंनी फाइलीतून मागच्या दोन वर्षांचे कागद काढले. तेही बाजारचेच.

"झाड वाळलं असंल," ते म्हणाले. "लिंबं थांबली तर जावईही यायचा थांबेल, असं वाटतं म्हातारीला."

त्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, त्यांनी मला पिंपळनेरला सोबत नेलं. परसात वाळका बुंधा उभा होता. पाणी घेऊन आलेल्या अक्का त्याच्यासमोर आडव्या उभ्या राहिल्या. पण लुगड्याआड बुंधा किती लपणार? भाऊंनी खाट फिरवली आणि तिकडे पाठ करून बसले.

"औंदा लिंबू भलता चांगला व्हतात, अक्का."

अक्कांनी माझ्याकडे पाहिलं.

"हो," मी म्हटलं. "वास तर फारच छान."