दगा मोच्याची दुरुस्ती

जुनी वस्तू विकत घेऊन तिला नव्यासारखी करण्यात माझा हात धरणारं नंदुरबारात कोणी नव्हतं. आता ऐंशी ओलांडली तरी हे मी छातीठोकपणे सांगते.

आमचा धंदा बांगड्यांचा. लढाई संपली तेव्हा लष्कराच्या जुन्या फटफट्या विकायला निघाल्या आणि आमच्या घरातून एक जण त्यातली एक घेऊनच आला. हा एक जण म्हणजे नईमाचे अब्बा. नवऱ्याचं नाव घ्यायची आमच्यात रीत नव्हती, ती मी अजून मोडलेली नाही.

"काचेचा माल आणि फटफटी?" मी विचारलं.

"दोन्ही बाजूंना चामड्याच्या पिशव्या लावायच्या. सुरतेला नव्या मिळतात."

"नव्या कशाला? भंगारवाल्याकडे लष्कराच्या जुन्या पडल्यात. मी नीट करते."

"हलीमा, त्या पिशव्यांनी आख्खी लढाई पाहिली आहे."

"मग नंदुरबार-प्रकाशा रस्ताही पाहतील."

पिशव्या आल्या. पापडासारख्या कडक. आठ दिवस मी त्यांना तेल चोळलं. प्रश्न राहिला अस्तराचा. बांगड्यांना सगळे गवत घालतात, पण फटफटीच्या हादऱ्यापुढे गवत काय टिकणार? मी कापसाच्या जिनातून सरकी आणली, कापसाची लव अंगावर असलेली, मऊ. दोन कापडांत ती भरून गोधडीसारखे टाके घातले. आत हात घातला की बाळाच्या दुपट्यात घातल्यासारखं वाटे.

पहिल्याच फेरीत उजवी पिशवी गाडीच्या तापलेल्या नळीला चिकटली आणि जळाली. तळाला ताटलीएवढं भोक पडलं. नईमाचे अब्बा पिशवी काखेत मारून दगा मोच्याकडे गेले. चार दिवसांनी घेऊन आले.

मी उलटीसुलटी करून पाहिली. भोक कुठे होतं तेही सापडेना. तेलाचे डाग तेवढे होते.

"आत नको उघडू," ते म्हणाले. "दगाने अस्तर नवीन घातलंय, टाके ओले आहेत."

ओले टाके हा प्रकार मी पहिल्यांदाच ऐकला. पण आनंदात होते. गल्लीभर सांगत सुटले की नवं घेतात ते अडाणी, दगाकडे जा. लोक गेले. कोणी टाचा गेलेले जोडे नेले, कोणी आजोबांचं घोड्याचं खोगीर नेलं. शेजारच्या फुलीबाईने फाटकी मोट नेली. दगा मला रस्त्यात पाहिलं की गल्ली बदलायचा.

अशात जसोदाबाई पाटलिणीच्या मुलीचं लग्न ठरलं. प्रकाशाच्या अलीकडे, तापीच्या याच काठाला त्यांचं गाव. तिथे बांगड्या भरायचा मान माझ्या सासूपासून आमचा. पण पाटलिणीने निरोप धाडला होता: "मांगला लगीनमा अर्ध्या बांगड्या वाढेल निंघन्यात. आते तसं व्हयनं तर रमजानले बलावसू." बांगडी फुटली म्हणत नाहीत, वाढली म्हणतात, एवढी रीत पाळून तिने आमचं गाव रमजान या दुसऱ्या बांगडीवाल्याच्या टोपलीत टाकायची तयारी केली होती. चुडा हळदीच्या आधी हातात गेलाच पाहिजे, नाहीतर हळद थांबते.

निघताना नवरीचा हिरवा चुडा नईमाच्या अब्बांनी स्वतः उजव्या पिशवीत ठेवला. बाकी सगळा माल माझ्या डाव्या पिशवीत. मी मागे बसले. बारा कोस हाडं खिळखिळी झाली, पण गावात पोचल्यावर डावी पिशवी उघडली तर एकही बांगडी वाढलेली नव्हती. एकसुद्धा नाही.

"आता बोला," मी म्हटलं.

"बोलतो. आधी पाणी पितो."

आम्ही ओसरीवर पाणी प्यायला गेलो. फटफटी उभी केली होती ती वऱ्हाडाच्या गाड्यांशेजारी. बैल सकाळपासून उपाशी. आणि खानदेशातल्या बैलाला सरकीचा वास येणं म्हणजे काय, हे मला शिकवायची गरज नव्हती. नेमकं तेच मी विसरले होते.

"वं हलीमाबी," बाहेरून हाक आली, "तुन्ही पिशवी बैल खाई ऱ्हायना!"

धावत गेले तर एका पांढऱ्या बैलाने डाव्या पिशवीत डोळ्यांपर्यंत तोंड घातलेलं. मी पिशवी ओढली तसा पट्टा तुटून शिंगात अडकला आणि बैल मांडवाभोवती पळू लागला. पिशवी छुमछुम वाजत होती. वऱ्हाडी आधी हसले, मग पोरं उचलून पळाले. तिसऱ्या फेरीला छुमछुम थांबली, कारण वाजायला काही उरलं नव्हतं.

जसोदाबाई समोर उभी. "हळद लावाले बायका बठेल शेतस. पोरना चुडा कोठे शे?"

गडबडीत उजवी पिशवी विसरून मी माझ्या हातातल्या हिरव्या बांगड्या पुढे केल्या. "या घाला. आठच दिवस वापरल्यात."

"जुन्या? मन्ही पोरले?"

महिनाभर गल्लीला दिलेलं व्याख्यान माझ्यावरच उलटलं.

तेवढ्यात नईमाचे अब्बा उजवी पिशवी घेऊन आले. तिला बैलाने हुंगलंसुद्धा नव्हतं. मी झाकण उघडून हात घातला. चुडा शाबूत होता. सरकी मात्र नव्हती, तांबडी मखमल होती. आणि कोपऱ्यात एक कागद हाताला लागला. सुरतेच्या दुकानाची छापील चिठ्ठी.

मी ती मुठीत घेतली आणि चुडा भरायला बसले. जसोदाबाई पिशवी चाचपत होती.

"जुनी शे का व ही? नवीच दिखी ऱ्हायनी."

"जुनीच," नईमाचे अब्बा माझ्याकडे न बघता म्हणाले. "हलीमाने नीट करून घेतलेली."

"हो," मी म्हटलं. "जुनीच."

गाव आमच्याकडेच राहिलं. परतताना चार कोस गेल्यावर मी बैलाने चघळलेला पट्टा आणि झाकणाचा तुकडा त्यांच्या खांद्यावरून पुढे धरला.

"हेही दगाकडे टाका," मी म्हटलं. "छान दुरुस्त करतो तो."

चार दिवसांनी डावी पिशवीही दुरुस्त होऊन आली. तेलाचे डाग या वेळी जरा जास्तच पडले होते.