खऱ्या नवऱ्याची तपासणी

"मला फसवणारा अजून जन्माला यायचाय!" हे वाक्य सावधानराव सकाळी दात घासून झाले की एकदा म्हणत, आणि मग दिवसभर लागेल तसं पुन्हा म्हणत. सावधानराव हे नाव शेजाऱ्यांनी ठेवलेलं. गृहस्थ वजनमापं तपासणाऱ्या खात्यातून निरीक्षक म्हणून निवृत्त झालेले. सारी हयात दुकानदारांचे तराजू उलटेपालटे करण्यात गेली. आता दुकानदार सुटले आणि घरचे सापडले!

मोबाइलवरून लोकांना कसा गंडा घालतात, हे पेपरात वाचल्यापासून तर त्यांना नोकरी परत मिळाल्यासारखं झालं. फोनला पासवर्ड ठेवला तो मारुतीच्या शेपटाएवढा! अंगठा लावून फोन उघडायची सोय बंद केली. म्हणे, "झोपेत कोणी माझा अंगठा धरून लावला म्हणजे?"

"कोण लावणार? घरात आपण दोघंच," बायको म्हणाली.

यावर त्यांनी तिच्याकडे जरा रोखूनच पाहिलं.

मग घरात नवा हुकूम निघाला. "हल्ली यंत्रं माणसाचा आवाज हुबेहूब काढतात. परक्या नंबरवरून माझ्या आवाजात कोणी बोललं, तर अजिबात विश्वास ठेवायचा नाही! आधी असा प्रश्न विचारायचा, की ज्याचं उत्तर फक्त खऱ्या नवऱ्यालाच येईल."

"कोणता प्रश्न?"

"ते मला सांगूच नकोस. तपासणी कधी सांगून येत नसते!"

"आणि उत्तर नाही आलं तर?"

"न यायला काय झालं? इतक्या वर्षांचा संसार आहे!"

बायकोने 'बरं' म्हटलं आणि ती भाजी निवडायला लागली.

पुढच्या आठवड्यात सावधानराव डोळे तपासायला गेले. येताना कोणाला तरी सोबत आणा, असं दवाखान्याने बजावलं होतं. पण सोबत लहान मुलांना लागते, असं त्यांचं मत! डॉक्टरांनी डोळ्यांत थेंब घातले, तपासणी झाली, आणि बाहेर येऊन बघतात तो काय, सगळं जग धुक्यात गेलेलं. समोर भरधाव गाड्यांचा रस्ता, दवाखाना जेवणाच्या सुट्टीसाठी बंद व्हायला आलेला, आणि समोर खांब आहे की माणूस आहे तेही कळेना. बायको न्यायला आल्याशिवाय घर गाठणं शक्य नव्हतं.

त्यांनी फोन काढला. अक्षरांच्या नुसत्या मुंग्या! पासवर्ड चुकला. परत चुकला. शेवटी फोनने खुद्द मालकालाच चोर ठरवलं आणि आतून कडी लावून घेतली.

काउंटरवरच्या मुलीने बिचारीने आपला मोबाइल दिला. बायकोचा नंबर पाठ होता, एवढं एक नशीब.

"अगं, मी बोलतोय. मला न्यायला ये!"

"मी कोण?"

"मी म्हणजे मीच!"

"आवाज तर अगदी त्यांचाच काढलाय," बायको शांतपणे म्हणाली. "थांबा हं. एक प्रश्न विचारते."

सावधानरावांची छाती अभिमानाने फुगली. शिकवण वाया गेली नव्हती! बाकावरच्या पेशंटांनाही चार गोष्टी कळाव्यात म्हणून त्यांनी मुलीला स्पीकर सुरू करायला लावला. "विचार, विचार!"

"मी चहात साखर किती घेते?"

"दोन चमचे!"

"मी चहा पीतच नाही."

बाकावर कोणीतरी खोकलं. सावधानराव सावरून म्हणाले, "कठीण विचारलास. दुसरा विचार."

"माझ्या चष्म्याची फ्रेम कोणत्या रंगाची?"

"तुला चष्मा आहे?"

आता सगळा दवाखाना कान टवकारून बसला. डोळ्यावर पट्टी बांधलेल्या एक आजी पुढे सरकल्या.

"शेवटचा प्रश्न. गेल्या महिन्यात माझं काय दुखत होतं?"

"डोकं म्हणा," आजी कुजबुजल्या. "तुमच्यासारखा नवरा असल्यावर डोकंच दुखणार!"

"डोकं!" सावधानराव ओरडले.

"दाढ. काढली ती."

सावधानराव आठवायला लागले. दाढ काढली? कधी? त्या दिवशी आपण कुठे होतो? त्यांना खरोखरच लाज वाटली, आणि आयुष्यात जे कधी तोंडातून निघालं नव्हतं ते निघालं, "चुकलं गं माझं. माफ कर मला."

त्यावर बायको म्हणाली, "मग तर तुम्ही पक्के भामटे! आमचे हे कधी माफी मागत नाहीत." आणि फोन बंद!

सावधानराव मटकन बाकावर बसले. आजींनी त्यांना गोळी दिली, लिमलेटची. तेवढ्यात काउंटरवरचा दवाखान्याचा फोन वाजला.

"हो, हाच दवाखाना," मुलगी बोलू लागली. "चौकडीचा शर्ट? आहेत ना... हो, आल्याआल्या आमचा वजनकाटा तपासून झाला त्यांचा... बरं, सांगते." फोन ठेवून ती म्हणाली, "काकू येताहेत. घरी आमच्या दवाखान्याचा कागद होता, त्यावरच्या नंबरला फोन करून खात्री करून घेतली म्हणाल्या."

एवढी सरळ युक्ती! सावधानरावांच्या एकाही नियमात ती नव्हती.

बायको आली. तिने हात धरून त्यांना रस्ता पार करवला. पलीकडे गेल्यावर त्यांनी डोळे बारीक करून तिच्याकडे पाहिलं आणि प्रेमाने म्हणाले, "चष्मा छान दिसतो गं तुला."

"आज घातलेला नाही."

वाटेत बायकोचा फोन सारखा टणटण वाजत होता.

"तुमचा फोन आला तशी मी सगळ्या नातेवाइकांना सावध केलं," ती म्हणाली, आणि त्यांना दिसत नव्हतं म्हणून तिनेच वाचून दाखवलं. "'यांच्या आवाजात बोलणारा एक भामटा फिरतोय. आवाज हुबेहूब आहे. ओळखायची खूण एकच, तो माफी मागतो.'"

"अगं, पण तो मीच होतो, हे आता कळव की त्यांना!"

"मघाशीच कळवलं."

"मग?"

"तुमच्या बहिणीचं उत्तर आलंय. 'दादा आणि माफी? शक्यच नाही! वहिनीचा फोन कोणी चोरलाय, मुकाट्याने सांगा!'"