मुरलेला चुंबक

चुंबकांच्या कारखान्यातले मोजणीदार आपल्या कामाबद्दल बोलायला लागले की त्यांची बायको उठून भांडी आवरायला घ्यायची. पण त्या सकाळी समोर सासरे बसले होते, त्यामुळे मोजणीदारांना आवरणार कोण?

"आज कारखान्यात याच तुम्ही," ते म्हणाले. "पोलादी चुंबकाचा जोर डोळ्यांनी दाखवतो. रेशमाच्या धाग्याला टांगलेली सुई, तिच्यावर इवलासा आरसा. चुंबक जवळ आणला की सुई वळते आणि भिंतीवरचा उजेडाचा ठिपका पळत सुटतो. कोणी ढकलत नाही, कोणी ओढत नाही! इतकी वर्षं बघतोय, अजून अंगावर काटा येतो."

सासरे जन्मभर घड्याळजी. दिसत नाही त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, आणि दिसत नाही ते मोजणाऱ्या जावयावर तर मुळीच नव्हता. "बरं," ते म्हणाले. लग्नापासून जावयाच्या पदरात या "बरं"पलीकडे काही पडलं नव्हतं.

आज ती कसर भरून काढायची होती. मोठ्या गिऱ्हाइकाचे साहेब नमुन्याचा चुंबक तपासायला येणार होते. नव्या चुंबकाचा थोडा जोर पुढे आपोआप उतरतो. तो आधीच उतरावा म्हणून चुंबक पाण्यात तासन्‌तास उकळतात. कारखान्यात याला 'मुरवणं' म्हणतात. तिथली शेगडी नेमकी जळाली होती, म्हणून घोड्याच्या नालेसारखा तो चुंबक मोजणीदारांच्याच स्वयंपाकघरात, ॲल्युमिनियमच्या पातेल्यात उकळत होता.

"मुरतंय, झाकण काढू नका," असं बायकोला बजावून मोजणीदार आंघोळीला गेले.

सासऱ्यांनी त्यातलं 'मुरतंय' तेवढं ऐकलं. जिभेचे चोचले पुरवण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. मुलगी बाहेर कपडे वाळत घालते आहे असं पाहून त्यांनी झाकण उचललं आणि लोखंडी डाव आत घातला. डाव बाहेर आला तो चुंबक घेऊनच. त्यांनी तो ओट्यावर ठेवला, गार होईपर्यंत न्याहाळला, मग हात पुढे केला. मनगटावरचं घड्याळ खट्‌कन चुंबकाला जाऊन चिकटलं.

मोजणीदार आले तेव्हा सासरे घड्याळ कानाशी धरून बसले होते. स्वतःच्या हातांनी जुळवलेलं घड्याळ. सगळी गल्ली त्यावर आपली घड्याळं लावायची. ते आता पाठीमागे कुत्रं लागल्यासारखं धावत होतं.

"गेलं," सासरे म्हणाले. त्यांचा आवाज इतका बारीक झालेला कोणी ऐकला नव्हता.

"गेलं नाही, मामा. पोलादात चुंबक शिरलाय. मी काढतो."

चुंबक पिशवीत टाकून दोघं निघाले. कारखान्यातल्या बाहेरच्या खोलीत तारेचं वेटोळं होतं, बादलीच्या तोंडाएवढं. त्यात वीज सोडायची आणि पोलाद सावकाश बाहेर काढायचं, की त्यातलं चुंबकत्व उतरतं.

"घड्याळ मी कोणाच्या हातात देत नाही," सासरे म्हणाले. त्यांनी घड्याळासकट हात खांद्यापर्यंत वेटोळ्यात घातला. मोजणीदारांनी वीज सोडली. वेटोळं गुणगुणलं. सासऱ्यांनी श्वास रोखून हात बाहेर काढला, इतका हळू, की जणू तान्ह्या बाळाखालून काढत होते.

आतल्या खोलीत त्यांनी घड्याळ सुईजवळ धरलं. भिंतीवरचा ठिपका तिथल्या तिथे.

"ठिपका जागचा हलला नाही म्हणजे काम फत्ते," मोजणीदार म्हणाले.

सासऱ्यांनी घड्याळ कानाला लावलं. जुनी, संथ टिकटिक. त्यांचे डोळे भरून आले. "न शिवता, न उघडता," ते पुटपुटले आणि देवाकडे बघावं तसं त्या सुईकडे बघत राहिले. मोजणीदार त्यांच्याकडे बघत राहिले. सासऱ्यांच्या कोपराला लोंबणाऱ्या पिशवीकडे दोघांनीही बघितलं नाही.

तेवढ्यात साहेब आले. मोजणीदारांनी ऐटीत पिशवी मागून घेतली, चुंबक काढला आणि सुईजवळ ठेवला.

ठिपका हलला नाही. त्यांनी चुंबक आणखी पुढे सरकवला. ठिपका ढिम्म.

मोजणीदारांच्या लक्षात आलं: मघाशी घड्याळाबरोबर कोपरावरची पिशवीही वेटोळ्यातून फिरून आली होती. तेवढ्यात मागून टाळ्या ऐकू आल्या.

"पाहिलंत साहेब?" सासऱ्यांचा ऊर भरून आला होता. "जागचा हलला नाही! असा माणूस दिवा घेऊन शोधलात तरी मिळायचा नाही. माझा जावई आहे!"

साहेबांनी चष्मा पुसला, ठिपक्याकडे पाहिलं, चुंबकाकडे पाहिलं. "नीट मुरवलाय ना?"

"मुरलाय," मोजणीदार म्हणाले. "आमच्या मामांनी स्वतः मुरवलाय."