उंबरझरीचा रुसवा

उंबरझरी हे अख्खं गाव एका लग्नात रुसून खाली बसलं, तेव्हापासून ते पडकं आहे. भिंती गुडघ्याएवढ्या राहिल्या. वेस तेवढी शाबूत, कारण बोलायला तोंड लागतंच. माणसं शेजारच्या माळावर वाडी करून राहिली. रुसव्याच्या कथा मात्र वाडीत पैशाला पासरी. कोणी म्हणे अक्षत द्यायची राहिली, कोणी म्हणे जिलबी कमी पडली.

गोजराबाईला कथांशी देणंघेणं नव्हतं. तिच्या सुंद्रीचं लग्न ठरलं होतं, आणि बसलेल्या गावाला कोणी माहेर धरत नाही. वाडीच्या पोरी एकदा सासरी गेल्या की गेल्याच. गोजराबाईची थोरली बहीण अशीच गेली.

"माझ्या पोरीचं असं होऊ द्यायची नाही मी," म्हणत ती लग्नाची अक्षत घेऊन वेशीकडे निघाली.

"अगं, माझ्या आज्याला दाद दिली नाही उंबरझरीनं, तुला देतीय होय?" वाडीतले जाणते रावजीतात्या हसले.

"तात्या, काय चुकलं म्हणून विचारलं होतं का तुमच्या आज्यानं?"

आजवर सगळ्यांनी नुसती समजूत काढली होती.

गोजराबाईनं वेशीला हळदकुंकू लावलं आणि सरळ विचारलं, "काय चुकलं आमचं?"

वेस बोलली. "अक्षत मिळाली होती. नटूनथटून आले मी मांडवात. एकानं मेल्यानं साधं 'या' म्हटलं नाही."

गोजराबाईच्या लख्ख ध्यानात आलं. मांडव गावात, गाव मांडवात. घरच्याच बाईला 'या' काय म्हणायचं, असं जो तो समजला असणार.

"चुकलंच आमचं," ती म्हणाली. "तुम्ही या. पाय धुवायला मी स्वतः उभी राहते."

"पाठराखीण कोण जातेय पोरीबरोबर?"

"ठरायचीय अजून."

"बरं, बघते," वेस म्हणाली.

लग्नाच्या सकाळी उंबरझरी उठली, अंगावरची माती झटकली आणि भिंती सावरत मांडवात आली. सुंद्रीची वेणी अर्धी टाकून गोजराबाई धावली. "या, या!" वेशीचे पाय धुतले, पाट मांडला. उंबरझरी पोटभर जेवली, जिलबी दोनदा मागून घेतली. पाठवणीला सुंद्री आईच्या गळ्यात पडली, तशी उंबरझरीनं नाक ओढलं आणि वऱ्हाडामागे पाठराखीण म्हणून चालू लागली.

पाठराखीण चार दिवसांत परतते. ही परतेना. विहीणबाईंचा निरोप आला, "तुमच्या पाहुणीचं कौतुकच आहे, पण ती आमच्या ज्वारीत उतरलीय."

"घ्या!" तात्या म्हणाले. "पोरगी गेली ती गेली, गावही गेलं!"

"पोरगी तिकडं रमली की येईल गाव," गोजराबाई ठणकावून म्हणाली. रिकाम्या जागेकडे बघवत नव्हतं, तरी तिथं ती रोज सडा घालत राहिली.

दिवाळीत वाटेवर धूळ उठली. उंबरझरी डुलत डुलत येत होती, आणि वेशीच्या उंबऱ्यावर, मांडीवर फराळाचा डबा घेऊन, सुंद्री बसली होती. गोजराबाईचे डोळे भरून आले. पाय लेकीकडे ओढत होते. पण ती थांबली, डोक्यावर पदर घेतला आणि आधी वेशीला म्हणाली,

"या. दमला असाल."