वर्षालीचे पाय

सुदेशने नव्या जाळ्याचे पैसे कॉम्प्युटरवरच्या फोटोग्राफीच्या कोर्सात घातले, तेव्हा गुणाजीने पोराशी अबोलाच धरला. बटण दाबलं की फोटो निघतो, त्यात शिकायचं काय? पण सुदेश इरेला पेटला होता. आचऱ्याहून एसटीने कणकवलीच्या सायबर कॅफेत जायचा आणि थोडा अधिक शहाणा होऊन परत यायचा.

एवढ्यात त्याच्या बहिणीला, वर्षालीला, मालवणचं स्थळ सांगून आलं. मुलगा बर्फाच्या कारखान्यात, निर्व्यसनी. गुणाजीला हे स्थळ फार आवडलं होतं. लेक होडीच्या वाटेकडे डोळे लावून बसणार नाही, याचंच त्याला सुख होतं.

मध्यस्थ बाबलीने फोटो मागितला.

"स्टुडिओत जावंया," त्याची आई यमुनाबाई म्हणाली.

"घरात फोटोग्राफर असताना?" सुदेश दुखावला.

त्याने काढलेल्या फोटोत वर्षाली एका कोपऱ्यात, तीही छातीपर्यंत. बाकी सगळा समुद्र.

"मधी कोण उभ्या करता? कोर्सात सांगलेला आसा," तो म्हणाला.

स्थळाचा फोटो डोक्यापासून पायापर्यंत असतो, हे कोर्सवाल्यांना कोण सांगणार? बाबली मालवणचा निरोप घेऊन आला.

"चेडू बरा आसा. पण पाय कित्याक लपयलास, इचारतत. लंगडता काय?"

"पायांचो फोटो काढ आणि धाड!" गुणाजी पोरावर ओरडला.

सुदेशने बापाचा शब्द पाळला. ओल्या वाळूत फक्त पाय, भोवती फेस. पाकीट बंद करून त्याने बाबलीच्या हाती दिलं.

"हे पाय तिचेच कशावरना?" मालवणहून विचारणा आली. गुणाजीला जेवण जाईना. पोराच्या कोर्सापायी पोरीचं लग्न मोडणार, म्हणून तो रडकुंडीला आला.

आणि एका सकाळी मुलाची आई लक्ष्मीबाई न कळवता थेट किनाऱ्यावर हजर झाली. रापणीचं जाळं नुकतंच वर ओढलं होतं. तेवढ्यात एका कुत्र्याने त्यातला सरंगा मासा पळवला. वर्षाली सलवार वर खोचून त्याच्यामागे सुटली, पार सुरूच्या बनापाशी त्याला गाठलं आणि सरंगा घेऊन परत आली. गुणाजीने कपाळाला हात लावला.

"लंगडता काय बगूक इललंय," लक्ष्मीबाई म्हणाली. "ह्या तर कुत्र्याक हरयता! माका पसंत."

"आणि तुमच्या झिलाक?" वर्षालीने धापा टाकत विचारलं.

"तो तुझ्या पायांचो फोटो खिशात घालूनच फिरता गो!"

वर्षालीने लाजून सरंगाच तोंडासमोर धरला.

पाहुणी गेल्यावर गुणाजीने सुदेशला पोटाशी धरलं. "स्टुडिओतलो फोटो तेंनी बगून ठेवन दिलो असतो. कोर्साचे पैशे वसूल झाले रे!"

"मगे लग्नाचे फोटो मीच काढतलंय!"

"नाय रे बाबा. लग्नाक स्टुडिओवालोच होयो. तुझे फोटो बगून माणसा खात्री करूक घराकडे येतत. तेवढ्यांका जेवूक खंयसून घालू?"