दोन कार्डांचे पागनीसजी

पागनीसजींच्या घरी उन्हाळ्यात पाहुण्यांना पंखा आणि कॉम्प्युटरला कूलर असतो. मे महिन्यात तुम्ही घामाघूम होऊन बसलेले असता आणि हातभर अंतरावर तो काळा पत्र्याचा डबा, एका बाजूचं झाकण काढून, गार हवा खात असतो. ‘‘भिया, तुम्ही तर घरी जाऊन नहा लोगे,’’ ते मला म्हणतात, ‘‘हा बिचारा कुठे जाणार?’’ कूलरच्या ओल्या हवेनं आतले भाग गंजतील, असं मी एकदा सांगून पाहिलं. त्यावर त्यांनी कूलर चार बोटं सरकवला. कॉम्प्युटरकडेच.

बडा गणपतीच्या देवळाजवळ आमच्या समोरच्याच घरात ते राहतात. आरटीओतून हेड क्लार्क म्हणून रिटायर झाले. उभ्या जन्मात हजारो लायसन्सांवर शिक्के मारले, पण स्वतःला सायकलीपुढे काही चालवता येत नाही. ती कसर ते कॉम्प्युटरवर भरून काढतात. ट्रक चालवण्याचा एक गेम आहे. त्यात ते परदेशातल्या रस्त्यांवरून भलामोठा ट्रक हाकतात, रिकाम्या चौकातही लाल दिव्याला थांबतात आणि कुणी चुकीच्या बाजूनं पुढे गेलं की ‘‘इसका लायसन्स किसने बनाया?’’ म्हणून खरोखर चिडतात.

दहा-बारा वर्षांपूर्वी हा कॉम्प्युटर त्यांनी बनवून घेतला, तेव्हा सबंध मोहल्ल्यात असा दुसरा नव्हता. पडद्यावरची चित्रं पळवायला साध्या मशीनमध्ये एक ग्राफिक्स कार्ड असतं, यांच्यात दोन. एकसारखी, एकाखाली एक, दोघांना जोडणारी मध्ये छोटीशी पट्टी. ‘‘बैलजोडी आहे,’’ ते सांगायचे. पुढे झालं असं, की नवे गेम एकाच कार्डाला कामाला लावू लागले. दुसरा बैल नुसता उभा राहून चारा खातो. मग ही जोडी काढून एकच नवं दमदार कार्ड बसवावं, की आहे तेच रेटावं? पागनीसजींचा हा प्रश्न गेली तीन वर्षं चालू आहे आणि त्यावर दर रविवारी सकाळी सभा भरते.

सभा म्हणजे सभाच. नऊ वाजता पोहे-जलेबी येते. जैनसाहेब येतात, त्यांचं साड्यांचं दुकान आहे आणि कॉम्प्युटर त्यांना फक्त बंद करता येतो. कुलकर्णी सर येतात. ते कॉलेजात इतिहास शिकवतात. आणखी चार-पाच जण असतात आणि सगळेच हिरिरीनं बोलतात. जैनसाहेबांचं म्हणणं, ‘‘नवीन कार्ड घेतलं तर पावर सप्लाय नवीन, मग मदरबोर्ड नवीन. दूल्हा बदला तो बारात भी बदलो.’’ कुलकर्णी सरांचं म्हणणं, जोडी कधी फोडू नये, इतिहासात त्याचे परिणाम फार वाईट झालेले आहेत. पागनीसजी डोळे मिटून ऐकतात आणि शेवटी ठरलेलं वाक्य टाकतात, ‘‘बात में दम आहे. पण गडबड नको. पुढच्या रविवारी पाहू.’’

खरं सांगतो, मी या माणसावर जळतो. कॉम्प्युटर माझ्याकडेही आहे. मागच्या दिवाळीत घेतला, नवाकोरा. एकच कार्ड, पण त्यांच्या दोघांना पाणी पाजेल असं. मोठ्या हौसेनं सगळ्यांना बोलावलं. आले, ‘‘बढिया है’’ म्हणाले, चहा प्यायले आणि गेले. परत कुणी फिरकलं नाही. बढिया वस्तूवर माणूस बोलणार तरी किती?

त्यात आमच्या घरचा भुट्ट्याचा कीस, कोवळी कणसं किसून दुधात शिजवलेला. सुनीताच्या हातचा कीस मला, म्हणजे तिच्या नवऱ्याला, वर्षाकाठी दोनदा मिळतो. पागनीसजींच्या सभेला मात्र पावसाळाभर दर रविवारी डबा भरून जातो. ‘‘कुसुमवहिनी गेल्यापासून एकटे आहेत हो ते,’’ ती म्हणते. आपल्या घरी तरी रविवारी कोण येतं, हे तिला विचारायचं अनेकदा माझ्या ओठांवर आलं. विचारलं नाही, कारण उत्तर मला माहीत होतं.

शेवटी एका रविवारी मी मनाशी ठरवलं, ही सभाच संपवून टाकायची. स्क्रूड्रायव्हर घेऊन गेलो. मशीन बंद करून सगळ्यांसमोर ती पट्टी काढली, दुसरं कार्ड बाहेर काढून टेबलावर ठेवलं आणि गेम सुरू केला. ट्रक आधी पळत होता तसाच पळाला. तसूभर फरक नाही.

‘‘पाहिलंत?’’ मी म्हणालो. ‘‘हे कार्ड इतकी वर्षं नुसतं बसून आहे आणि उरलेलंही म्हातारं झालंय. दोन्ही काढा, एक नवं लावा. यात बोलण्यासारखं काही उरलेलंच नाही.’’

‘‘बात तो सही है,’’ जैनसाहेब म्हणाले. कुलकर्णी सरांनाही इतिहासात काही सापडेना. पुढच्या रविवारी नवं कार्ड बसवायचं, असं एकमतानं ठरलं. पागनीसजी ‘‘हां, बरोबर आहे’’ एवढंच बोलले आणि टेबलावरचं कार्ड उचलून रुमालानं पुसत बसले. मी घरी आलो तो शीळ घालत. हलकटपणाच होता तो, पण मला आनंद झाला, हे खोटं कशाला सांगू?

बुधवारी ऑफिसातून लवकर सुटलो तो थेट त्यांच्याकडे गेलो. कार्ड आणायला दुकानात आपणच सोबत जावं, म्हणजे त्यांना पळवाट राहणार नाही, असा विचार. दार उघडं होतं. पागनीसजी कपाटासमोर उभे होते आणि आत, कुसुमवहिनींच्या साड्यांशेजारी, एक मोठा खोका होता. नव्या कार्डाचा. सील न तोडलेला, वर धुळीचा थर.

‘‘आणलंत पण?’’

‘‘दोन साल झाले,’’ ते चोरी पकडली गेल्यासारखे म्हणाले. ‘‘मागे पावर सप्लाय पण आहे.’’

‘‘मग लावलं का नाही?’’

त्यांनी मला बसवलं. स्वतःही बसले.

‘‘कुसुम गेली तेव्हा घर भरलेलं असायचं, भिया. तेराव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी आदतीप्रमाणे दहा कप चहा ठेवला. कोणी आलंच नाही. एकटा माणूस दहा कप कसा पिणार? मग जैनसाहेब रस्त्यात भेटले. त्यांना म्हटलं, कॉम्प्युटर जुना झाला, क्या करूं कुछ समझ में नहीं आ रहा. ते तसेच माझ्याबरोबर घरी आले. रविवारी कुलकर्णी सरांना घेऊन आले.’’ ते किंचित हसले. ‘‘दुःखाला लोक तेरा दिवस येतात. सलाह द्यायला जिंदगीभर येतात. आता हे कार्ड लावलं, तर रविवारी तुम्ही लोक कशाला याल?’’

ज्या गर्दीवर मी इतके दिवस जळत होतो, ती या माणसानं एका प्रश्नाच्या जोरावर धरून ठेवली होती आणि तो प्रश्न मी स्क्रूड्रायव्हरनं सोडवून बसलो होतो. लाज वाटली. आणि हेवाही वाटलाच. ही युक्ती मला का सुचली नाही?

रविवारी झाडून सगळे हजर. जैनसाहेब तर पूजेला नारळ घेऊन आले होते. धूळ पुसलेला खोका टेबलावर होता. ‘‘चलो पागनीसजी, शुभ काम में देरी कशाला!’’ पागनीसजींनी सीलवर नख लावलं. माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

‘‘थांबा,’’ मी म्हणालो. ‘‘नवी कार्डं चांगली लांब असतात. हे आत मावेल का? डब्याची लांबी कुणी मोजली आहे?’’

‘‘अरे हां!’’ जैनसाहेबांनी नारळ खाली ठेवला. ‘‘ये तो सोचा ही नहीं.’’

कुलकर्णी सर म्हणाले, मोजल्याशिवाय सील तोडणं म्हणजे पराभवाला आमंत्रण. कुणी म्हणालं इंचात मोजा, कुणी म्हणालं सेंटिमीटरात. एकानं शेजारून मोजायची टेप आणली, पण जैनसाहेबांना ती मंजूर नव्हती. कापडवाल्यानं दुसऱ्याच्या मापावर भरवसा ठेवला की तो बुडाला. दुकानातली लोखंडी मीटरपट्टी आपण स्वतः आणू, ते म्हणाले, पुढच्या रविवारी. सभेनं ते मान्य केलं आणि पोह्यांची दुसरी फेरी सुरू झाली.

सगळे गेल्यावर पागनीसजी मला दारापर्यंत सोडायला आले.

‘‘भिया, खरं सांगा,’’ त्यांनी हळूच विचारलं, ‘‘मावतं ना ते आत?’’

‘‘आरामात मावतं.’’

‘‘मग मीटरपट्टी आल्यावर काय करायचं?’’

‘‘ते माझ्यावर सोडा,’’ मी म्हणालो.